पावण्यांसाठी केलेली दाढी

आण्णा दाढी केल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत. आईशीसुद्धा नाही. सकाळी उठलं की मोरीजवळच्या खिडकीला आरसा अडकवायचा, स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घ्यायचं, सगळं उरकून गालावरनं तुरटी फिरवायची आणि मग, "चहा टाकलाय का न्हाय?" हे त्यांचं दिवसाचं पहिलं वाक्य. तोवर घराला आग लागली तरी हा माणूस हूं का चूं करणार नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. चंदगडच्या मुक्कामी गाडीवर त्यांची कितीतरी वर्षं गेली. तिकडं पाऊस लागला की थांबायचं नाव नाही, कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही. तरी पहाटे स्टँडावरच्या नळाच्या गार पाण्यानं दाढी करून, शर्टाची वरपर्यंत बटणं लावूनच ते गाडीत चढायचे. ड्रायव्हर म्हणायचे, "मास्तर, ह्या चिखलात कोण बघायलंय तुमचा गाल?" आण्णा म्हणायचे, "मी बघतोय की आरशात."

हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या गुळगुळीत गालापायी पुढं काय झालं ते सांगायचंय, आणि ते आठवलं की अजून माझं टाळकं सरकतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मंगळवार पेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आण्णा, आई आणि मी. बी.कॉम. होऊन मी उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले होते. लग्नाचं वय झालेलं, स्थळं येत होती, जात होती. कुणाला माझा रंग आवडायचा नाही, कुणाला माझं बोलणं. आमच्याकडं पोरीसुद्धा "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, त्यात माझा आवाज मोठा. आई कपाळावर हात मारायची. "पावण्यांम्होरं तरी 'येते, जाते' म्हण गं बाई. न्हाईतर म्हणतील, पोरगी बघायला आलतो, गडी दावलासा." आण्णा हसायचे. त्यांना माझा आवाज आवडायचा. भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचंल असा आवाज आहे म्हणायचे.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या लक्षात आलं, की आण्णांच्या डाव्या गालावर, जबड्याच्या कडेला थोडे खुंट तसेच राहतात. एवढा टापटिपीचा माणूस, आणि एका बाजूला अर्धवट दाढी. मधेच एखाद्या दिवशी तिथंच कापायचंसुद्धा. मी म्हटलं, "आण्णा, चष्मा लावून करत जावा की." तर क्रीमवर घसरले. "ह्या ट्यूबमधनं फेस येत न्हाय गं, थुंका येतोय नुसता. आमच्या वेळी वाटीतला गोल साबण मिळायचा. ओला ब्रश फिरवला की दह्यासारखा घट्ट फेस. रेजर कसा आपसूक पळायचा. आता सगळं ट्यूबात भरून ठेवलंय."

ते माझ्या डोक्यात राहिलं. एक दिवस ऑफिस सुटल्यावर पापाच्या तिकटीला कंगवा घ्यायला थांबले होते, तर एका दुकानाच्या काचेत एक लाकडी डबी दिसली. आत पांढरट पिवळा गोल साबण. दुकानदार म्हणाला, "नवीनच आलाय. जुन्या पद्धतीचा हाय, खोबरेल नि चंदन. एका लहान कारखान्यानं काढलाय. न्या, वापरून बघा, न्हाय आवडला तर परत आणा." मी घेतला. घरी येऊन आण्णांच्या हातात दिला, तर त्यांनी डबी उघडली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून बसले. जवळजवळ देवळात बसल्यासारखे. मग डबी बंद करून आरशाच्या फळीवर ठेवली. "ह्यो असा घाईत लावायचा न्हाय. सुट्टीदिवशी निवांत लावतो. तवर ट्यूब संपवू."

ती सुट्टी यायच्या आधीच दुसरं निघालं.

आईला संशय आला तो जेवणावरनं. आण्णा दूध-भाकरी कुस्करून खायला लागले होते. तिखटाशिवाय घास न उतरणारा माणूस रोज दूध-भाकरी खातो म्हटल्यावर आईनं एका दुपारी त्यांना खिडकीशी ओढत नेलं आणि तोंड उघडायला लावलं. आत, डाव्या गालाला, पांढरी कडा असलेली जखम. किती दिवसांची होती कोण जाणे. तंबाखूची चिमूट ते तिथंच धरायचे, आयुष्यभर. आणि मग मला कळलं, की दोष क्रीमचा नव्हता. तिथनं रेजर फिरवायचा तर आतनं जीभ लावून गाल फुगवावा लागतो, आणि त्यांना तो फुगवता येत नव्हता. म्हणून खुंट राहत होते. मी आपली साबण आणून दिला.

दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. भीती होती तेच आलं. डॉक्टर शांत माणूस होता, त्यानं नीट समजावून सांगितलं. अजून हाताबाहेर गेलेलं नाही, रेडिएशन द्यायचं, त्याला बरेच आठवडे लागतील, रविवार सोडून रोज यायचं. "एकच लक्षात ठेवा, मधे खंड पडता कामा नये. खंड पडला की दिलेलं फुकट जातं." आमच्याकडं रेडिएशनला शेक म्हणतात. आण्णांनी एवढंच विचारलं, "शेकानं बरं होतं न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "पुरा घेतला तर होऊ शकतं."

पहिल्या दिवशी मशीनवरच्या माणसानं त्यांच्या डाव्या गालावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या. डोळ्याखालपासून गळ्यापर्यंत एक वाकडा चौकोन, आणि कानामागं एक फुली. त्या रेघांच्या मापानं मशीन लावतात. त्यानं दम भरला, "ह्या पुसायच्या नाहीत. पाणी लावायचं नाही, साबण नाही, तेल नाही, आणि रेजर तर अजिबात नाही." आण्णांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर व्हरांड्यात थांबून मला म्हणाले, "दाढी न्हाय म्हंजे? कवापतूर?" मी म्हटलं, "शेक संपेपर्यंत." त्यांनी खिशातनं रुमाल काढला. रिक्षात बसल्यावर रुमालानं गाल झाकून घेतला.

भर उन्हात गळ्याभोवती मफलर गुंडाळून माणूस दवाखान्यात जायला लागला. गल्लीत विचारलं तर आई सांगायची, गालफुगी झालीय. कॅन्सर हा शब्द आमच्या घरातसुद्धा कुणी उच्चारत नव्हतं. लोक काय समजायचे तेव्हा? लागतोय म्हणायचे. त्या घरातलं पाणी पिऊ नका म्हणायचे. रक्तातनं पोरीला जातोय, पोरीकडनं तिच्या लेकरांना जातोय. माझ्याच ऑफिसातली एक शिकली-सवरलेली बाई कुणाविषयी तरी असं बोलताना मी कानांनी ऐकलं होतं, आणि गप्प बसायचं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी मला समजलं.

शेक सुरू होऊन आठवडा-दीड आठवडा झाला असेल. त्यात मामा आला, आईचा भाऊ, इचलकरंजीचं स्थळ घेऊन. मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर, घर स्वतःचं, सासू वारलेली, सासरा आहे. सासऱ्याचं आयुष्य मागावरच गेलेलं, माणूस सरळ. मुलानं मला आधीच कुठंतरी नात्यातल्या लग्नात बघितलं होतं आणि माझ्या आवाजासकट त्याला मी पसंत होते. असं कधी होत नाही हो. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मामा म्हणाला, "येत्या रविवारी पावणं येतील." मग त्यानं आण्णांच्या गालाकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

मी म्हटलं, "सांगून टाकू की त्यास्नी. आजार हाय, औषध चालू हाय. पटलं तर करतील, न्हाईतर जातील खड्ड्यात."

आई भडकली. "व्हय, जातील खड्ड्यात! आणि मागनं येणारी? एकदा सगळीकडं झालं की एक स्थळ दारात उभं ऱ्हायचं न्हाय. म्हातारी हो इथंच आणि बस."

"बसतो की! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"बापाचंच जातंय," आण्णा म्हणाले.

एवढं बोलायलासुद्धा त्यांना त्रास होत होता. ते म्हणाले, "रविवारी तसा बी शेक नसतोय. दाढी करतो. सोमवारी परत मारून घेऊ रेघा. शाईच हाय न्हवं, गोंदलेलं न्हाय." बोलताना त्यांनी हात असा हवेत फिरवला, तिकिटाचा गठ्ठा संपला तर दुसरा काढू, इतकं ते त्यांना सोपं वाटत होतं. मला वाटत नव्हतं. मी डोकं आपटून सांगितलं, की डॉक्टरांना विचारून तरी करा. म्हणाले, "डाक्टर न्हाईच म्हणणार. इचारायचं कशाला?"

रविवारी सकाळी त्यांनी फळीवरनं ती लाकडी डबी काढली.

मी ठरवलं होतं, बघायचंच नाही. स्वैपाकघरात पोह्यांचा कांदा चिरत बसले. पण दोन खोल्यांच्या घरात न बघता राहणार कसं? आईनं आरसा धरला होता, कारण खिडकीपाशी उभं राहून त्यांची मान दुखायची. त्यांनी ब्रश गरम पाण्यात बुडवून थोडा वेळ तसाच ठेवला. साबणावर पाण्याचे दोन थेंब टाकले. मग ब्रश फिरवायला लागले, हळूहळू, गोल गोल, घाई नाही. आधी मोठे बुडबुडे आले, मग ते बारीक होत गेले, आणि शेवटी त्यांना हवा तसा घट्ट, ब्रशावर उभा राहणारा फेस तयार झाला. सगळ्या खोलीत चंदनाचा वास. खाटेवर बसलेला माणूस एकदम पंधरा वर्षांनी लहान दिसायला लागला, खरं सांगते.

उजवा गाल आधी केला. मग डाव्या गालावर ब्रश टेकवला. शेकानं कातडी लाल झाली होती, सुजली होती. ब्रश लागला तशी त्यांची पायाची बोटं आखडली, ती मला दिसली. पण हात थांबला नाही. फेस गालावरनं फिरत गेला आणि जांभळा व्हायला लागला. आधी फिकट, मग चांगलाच. रेजर पेल्यात बुडवला की पाणी जांभळं. गाल फुगवता येत नव्हता म्हणून त्यांनी बाहेरनं दोन बोटांनी कातडी ताणली आणि एकेक इंच करत चौकोन काढून टाकला. आई आरसा धरून रडत होती. आरसा हलत होता. ते म्हणाले, "आरसा नीट धर की." आणि मग माझ्याकडं बघून, "साबण झक्कास हाय गं. जरासुदिक आग न्हाय."

आग होत नव्हती म्हणे! सुरी तिथंच टाकून मी मागच्या दारी गेले आणि भांड्यांवर राग काढला.

पावणे आले ते दुपारी. आईनं आण्णांच्या लाल गालाला हलकी पावडर लावली होती. मुलगा, त्याचे वडील आणि मामा, बस्स, एवढेच. आण्णा दारात उभे राहून, "या, पावणं, या, बसा की निवांत," म्हणाले, आणि तो आवाज जुनाच होता. पोहे त्यांनी खाल्ले नाहीत, दाढ दुखतीय म्हणून सांगितलं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. मागांच्या खडखडाटात सगळी उमर गेलेल्या माणसांचं असंच होतं. ती मोठ्यानं बोलतात आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं टक लावून बघतात, ओठांवरनं शब्द ओळखतात. ते सबंध वेळ आण्णांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आता काहीतरी विचारतात बघ, असं वाटत होतं.

त्यांनी विचारलं, पण भलतंच. "वास कसला येतोय वो? चंदनाचा?"

आण्णांचा चेहरा फुलला. "नवा साबण हाय दाढीचा. पोरीनं आणलाय. आजच काढला, तुम्ही येणार म्हणून."

"बरा हाय की," सासरे म्हणाले, आणि थोडं थांबून, "पोरगी बी आमास्नी पसंत हाय." तिथंच सुपारी फुटली. पावसाच्या आधी लग्न उरकायचं ठरलं.

सोमवारी मी आण्णांबरोबर दवाखान्यात गेले. मशीनवरच्या माणसानं मफलर काढला आणि कपाळाला हातच लावला. आत डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर चिडले, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, परत माप घेऊ, परत रेघा मारू, एक-दोन दिवस जातील, पण ह्यापुढं असं चालणार नाही. आण्णांनी विचारलं, "रेघा न मारता न्हाय देता यायचा शेक?" नाही म्हणाले. "आणि मफलराच्या खाली बसतील येवढ्याच मारता येतील का?" डॉक्टर त्यालाही नाही म्हणाले.

आण्णा उठले. "मग पोरीचं लगीन झालं की येतो साहेब."

मी तिथंच आरडाओरडा केला. सगळा व्हरांडा बघायला लागला. डॉक्टर बाहेर आले, त्यांनीही सांगितलं, लग्न होईपर्यंत आजार थांबून राहणार नाही. पण आण्णांचं गणित पक्कं होतं. आता देण्याघेण्याच्या याद्या होणार, साखरपुडा होणार, बस्त्याला जायचं, इचलकरंजीची माणसं येत-जात राहणार. एक दिवस आड दाढी करायची आणि एक दिवस आड रेघा मारायच्या, असं कसं जमणार? एकदा लग्न झालं, की रेघा काय, तोंडावर सगळी रंगपंचमी करा म्हणाले.

घरी येऊन मी चप्पलसुद्धा काढली नाही. "मी आत्ता इचलकरंजीला जातो आणि सांगून येतो. मोडलं तर मोडलं." आई मधे पडली. आण्णा खाटेवरनं उठून आले, माझा हात धरला आणि त्या सुजलेल्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. एक अक्षर बोलायचं न्हाय त्या घरात. आधी तुझं मार्गी लागू दे, मग माझं बघतो."

हाताखाली गाठ लागत होती. मी चप्पल काढली.

त्यानंतर लग्नापर्यंत आण्णांनी रोज दाढी केली. सकाळी तोच गरम पाण्याचा पेला, तीच डबी. साबण मधे खोलगट होत चालला आणि डावा गाल कठीण. गाठीच्या उंचवट्यावरनं रेजर वळवून न्यावा लागे. पण फेस मात्र तसाच यायचा, घट्ट. याद्यांच्या दिवशी, साखरपुड्याच्या दिवशी, बस्त्याच्या दिवशी, घरभर चंदनाचा वास. मला तो वास नाकाला झोंबायला लागला होता. आण्णा म्हणायचे, "सगळ्यात ह्यो एक साबण तेवढा चांगला निघाला बघ." आणि मी चिडून आत जायचे. चांगला कसला? त्या साबणाची मी मनातल्या मनात कितीदा मोरीत फेकाफेक केली असेल.

लग्नात आण्णा फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. फोटोत सगळीकडं उजवा गाल पुढं करून उभे आहेत. जेवणावळीत फिरले, वाढप्यांना ओरडले, पण स्वतः पाण्याच्या घोटापलीकडं काही घेतलं नाही. पाठवणीच्या वेळी मी गळ्यात पडले तर त्यांनी मला उजव्या बाजूला घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात गेले, दिलेला शब्द पाळायला. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, आता शेक देऊन उपयोग नाही, आता नुसतं दुखणं कमी करायचं औषध देतो. आण्णा आईला म्हणाले म्हणे, "चला, रेघा तर वाचल्या." पाऊस संपायच्या आत गेले. शेवटी शेवटी त्यांचं तोंड उघडत नव्हतं आणि गालाला हातही लावू देत नव्हते. दाढी वाढली होती, विरळ, पांढरी. आरसा मागितला नाही कधी. आई म्हणाली, "तेवढं बरं झालं."

इचलकरंजीच्या लोकांना आम्ही सांगितलं, लग्नानंतर अचानक निघालं. अचानक! माझ्या नवऱ्यानं माझ्याबरोबर रात्रंदिवस दवाखाना केला, मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खांदा दिला. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. माणसं खरंच चांगली निघाली. एवढी चांगली, की मला कधीकधी वाटायचं, तेव्हाच सांगितलं असतं तर? मग मी तो विचार झटकून टाकायचे. कारण कोण जाणे, लग्नाआधी माणसं वेगळी असतात आणि लग्नानंतर वेगळी. सांगितल्यावर ती फिरली असती तर आण्णा म्हणाले असते, बघ, मी सांगत होतो. ह्याच एका विचारावर मी कितीतरी वर्षं काढली. त्यांनी केलं ते करणं भागच होतं, असं म्हणून मी जगले.

मग सन दोन हजारनंतरची गोष्ट. मामंजी आता थकले होते. कान जवळजवळ गेलेच होते. त्यांची दाढी त्यांची ते करायचे, मी गरम पाणी आणि आरसा आणून द्यायचे, ओट्यावर, उन्हात. एक दिवस क्रीमची ट्यूब पिळता पिळता म्हणाले, "तुझ्या आण्णांचा त्यो साबण कुठला गं? चंदनाचा? आमी तुला बघायला आलतो त्या दिशीचा. त्येचा वास अजून हाय माझ्या ध्यानात."

मी म्हटलं, "आता मिळत न्हाय तसला."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघून ते ऐकलं. मग ब्रश गालावर फिरवत, सहज, शेजारच्याच्या म्हशीविषयी बोलावं तसं म्हणाले, "कानामागं फुली ऱ्हायलती बघ त्येंच्या. जांभळी. आरशात दिसत न्हाय ती जागा. माझ्या थोरल्या भावाला बी मारलेल्या तसल्याच रेघा, मीच न्यायचो त्येला शेकाला. बघितल्या बघितल्या वळखलं मी."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. "तुम्हाला म्हाईत हुतं?"

"व्हय की. पोराला बी सांगितलं मी घरी आल्यावर. त्यो म्हणाला, माझं काय म्हणणं न्हाय. माझं बी काय न्हवतं. आजार काय कुणाला चुकलाय? पण म्हटलं, येवढं दुखणं सोसून माणूस पोरीसाठी दाढी करून बसलाय. आपण कशाला इचारून त्येचा मान घालवायचा? मनात म्हटलं, ह्या माणसाला कवाच कळू द्यायचं न्हाय, की आपल्याला कळलंय."

ते हसले. इतकी वर्षं जपलेलं चांगुलपण त्यांनी मला आज सांगितलं होतं आणि त्यांना वाटत होतं मला बरं वाटेल. अर्ध्या तोंडाला फेस लावून ते माझ्याकडं बघत होते.

आण्णांच्या गळ्याची शपथ होती मला, ह्या घरात एक अक्षर बोलायचं नाही म्हणून. तो गळा कधीच गेला होता. आणि मी ओरडले नाही. ओरडायची गरजच नव्हती, त्यांना ओठ दिसत होते. मी हळू म्हटलं, "मामंजी, तुम्हाला कळू नये म्हणून आण्णांनी शेक बंद केलता. लगीन होईपर्यंत गेलेच न्हाईत."

त्यांनी ते एकदाच बघितलं. परत विचारलं नाही. ब्रश हातातच राहिला आणि फेस मनगटावरनं खाली उतरला. मग, मागाशेजारी उभं राहून बोलायचे तसल्या मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "मला वाटलं, शेक चालू असंल."

असू द्या मामंजी, तुमचा काय दोष, असं मी म्हणायला हवं होतं. त्यांचा दोष नव्हताच. तरी मी म्हटलं नाही. पेल्यातलं पाणी गार झालं होतं, ते मोरीत ओतलं आणि दुसरं तापवायला ठेवलं.